थाप पचते ती कशामुळे?

एका माणसाला विचारलं, काल संध्याकाळी सात ते नऊ कुठे होतात? तो म्हणाला, "सहाला ऑफिसमधून निघालो. साडेसहाला घरी पोचलो. थोडा वेळ टीव्ही पाहिला, आठला जेवलो, मग वाचत पडलो आणि दहाला झोपलो. बाहेर कुठेही गेलो नाही."

दुसऱ्याला तोच प्रश्न विचारला. "घरीच होतो. म्हणजे, मधे एकदा वरच्या मजल्यावर जाऊन आलो. कुरियरवाल्याने माझं पाकीट तिकडेच देऊन टाकलं होतं. दार त्या बाईंनी... नाही, त्यांच्या मुलीने उघडलं. ती आधी देईचना, ओळखपत्र दाखवा म्हणाली. सात वाजले होते की साडेसात, ते नाही सांगता येणार. पण बहिणीचा फोन चालू होता, तिला 'थांब जरा' म्हणून फोन हातात धरूनच गेलो होतो."

पहिला जबाब कसा रंधा मारल्यासारखा गुळगुळीत आहे. दुसरा अडखळतो, मागे-पुढे होतो, स्वतःचंच वाक्य खोडतो, वेळ आठवत नाही म्हणतो आणि कोणी न विचारलेलं पाकिटाचं लचांड मधेच घुसडतो. दोन्ही जबाब मीच बनवलेले आहेत, त्यामुळे खरा कुठला याचा शोध घेऊ नका. पण यातला विचार करून रचलेला वाटेल असा कुठला, असं विचारलं तर उत्तर पहिला हेच आहे. आणि तरीही ऐकताना आपल्या मनात पाल चुकचुकते ती बहुतेक वेळा दुसऱ्याच्या वेळी. खोटं रचणारा नेमका याच गोष्टीचा फायदा उठवतो. खरं बोलणं कसं दिसतं याचं एक चित्र आपल्या डोक्यात असतं, आणि तो त्या चित्राबरहुकूम बोलतो.

हे चित्र बरंचसं चुकीचं असतं. 58 देशांतल्या लोकांना विचारलं गेलं की माणूस खोटं बोलतोय हे तुम्ही कसं ओळखता. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत तिघांपैकी जवळजवळ दोघांनी नजर चुकवण्याचा उल्लेख केला. आता एवढी जगजाहीर खूण थापाड्याला माहीत नसेल का? तो तुमच्या डोळ्यांत डोळे घालूनच बोलणार. त्याच वर्षी चार्ल्स बाँड आणि बेला डीपाउलो या मानसशास्त्रज्ञांनी तोवरचे प्रयोग एकत्र करून हिशेब मांडला. खरं-खोटं ओळखायला बसवलेल्या चोवीस हजारांवर माणसांचा हा गोषवारा होता. सरासरी 54 टक्के वेळा त्यांचं उत्तर बरोबर निघालं. नुसतं नाणं उडवलं असतं तरी 50 टक्के मिळाले असते. त्यातही खरं बोलणाऱ्याला खरा ठरवण्यात लोक बरे होते, खोट्याला खोटा ठरवण्यात मात्र निम्म्याहून कमी वेळा यश आलं. कारण साधं आहे. ऐकणारा मुळातच विश्वास ठेवायला बसलेला असतो. अमेरिकी संशोधक टिमोथी लीव्हाइन यांनी यावरच आपला सिद्धांत उभा केला आहे. प्रत्येक वाक्य संशयाने तपासत बसलो तर संसारच चालणार नाही, म्हणून माणूस आधी मान्य करतो आणि काही खटकलंच तर मागे वळून पाहतो. थापाड्याचं काम एवढंच, की काही खटकू द्यायचं नाही.

म्हणून गेल्या काही दशकांत अभ्यासकांनी हातवारे, घाम आणि पापण्यांची उघडझाप यांचा नाद बराचसा सोडून शब्दांकडे मोर्चा वळवला. माणूस काय सांगतो, काय गाळतो, कुठे थांबतो. खोट्याची खरी कारागिरी तिथे दिसते.

खरं सांगणाऱ्याला योजना नसते

संशयितांना, म्हणजे प्रयोगात ती भूमिका घेतलेल्यांना, चौकशीनंतर विचारतात: तुमच्यावर विश्वास बसावा म्हणून तुम्ही काय ठरवलं होतं? खोटं बोलणाऱ्यांकडे उत्तर तयार असतं. शांत राहायचं, गोष्ट साधी ठेवायची, नको ते बोलायचं नाही, आधी जे सांगितलं तेच पुन्हा सांगायचं. खरं बोलणाऱ्यांपैकी बरेचजण प्रश्नच न कळल्यासारखं बघतात. ठरवायचं काय त्यात? जे घडलं ते सांगितलं. आपण निर्दोष आहोत हे समोरच्याला आपोआप दिसेल, असा त्यांचा भाबडा भरवसा असतो. हा भरवसा बऱ्याच निरपराधांच्या अंगाशी आलेला आहे.

थोडक्यात, एक माणूस आठवतो आहे आणि दुसरा संपादन करतो आहे. संपादन करणाऱ्याला एकाच वेळी तीन व्यवधानं सांभाळावी लागतात. गोष्ट पटली पाहिजे, आपल्यालाच लक्षात राहिली पाहिजे आणि कोणी पडताळायला गेलं तर फुटता कामा नये. ही तीन एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. पटायला तपशील हवेत. लक्षात राहायला तपशील कमी हवेत. आणि फुटू नये म्हणून तपशील असे हवेत की ज्यांचा माग काढता येणार नाही. खोट्या विधानांची जी काही ओळखता येण्यासारखी घडण असते, ती मला वाटतं या ओढाताणीतूनच येते.

सराईत थापाड्यांची पहिली युक्ती आपण सगळे जाणतो, फक्त तिचं महत्त्व कमी लेखतो. ती म्हणजे जास्तीत जास्त खरं बोलणं. 2019 साली 194 जणांना त्यांच्या खोटं बोलण्याबद्दल प्रश्न विचारणारी एक पाहणी झाली. स्वतःला उत्तम थापा मारता येतात असं सांगणाऱ्यांची भिस्त होती ती गोष्ट सरळ, पटेलशी ठेवण्यावर आणि खोटं खऱ्यात मिसळून देण्यावर. पुरतं कल्पनेतून काही उभं करायला ते जात नाहीत. जायची गरजही नसते. समजा, मंगळवारी संध्याकाळी तुम्ही जिथे असायला नको होतात तिथे होतात. सोमवारी मात्र व्यायामशाळेत होतात. मग सोमवार उचलून मंगळवारी ठेवायचा. ट्रेडमिल बंद पडली होती, शेजारचा माणूस फोनवर मोठ्याने बोलत होता, टॉवेल विसरलो म्हणून परत फिरलो. सगळं खरं, सगळं जगलेलं. खोटी फक्त तारीख. असं खोटं बोलताना डोक्याला ताण नाही, चेहऱ्यावर सोंग नाही आणि तपशील हवे तेवढे. खोटी हकिकत द्यायला सांगितल्यावर माणसं कल्पनेपेक्षा अशा जगलेल्या प्रसंगाकडेच अधिक वळतात, हे प्रयोगांतही दिसलेलं आहे.

यामुळे तपासणाऱ्यांची एक जुनी आणि चांगली पद्धत अडचणीत येते. जर्मन मानसशास्त्रज्ञ उडो उंडॉइच यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर, मुख्यतः लहान मुलांच्या साक्षी तपासताना, एक गृहीतक मांडलं: अनुभवलेल्या प्रसंगाचं कथन आणि रचलेलं कथन यांचा पोतच वेगळा असतो. पुढे 1989 मध्ये या विचाराला 19 निकषांची चौकट मिळाली. कथन विस्कळीत पण आतून सुसंगत आहे का, बोलणाऱ्याने स्वतःच स्वतःला दुरुस्त केलं का, 'हे आठवत नाही' अशी कबुली दिली का, संभाषण जसंच्या तसं सांगितलं का, मधेच काही अनपेक्षित विघ्न आलं का, विषयाशी संबंध नसलेला एखादा चमत्कारिक तपशील आहे का. वरचा पाकिटाचा जबाब पुन्हा वाचलात तर यातल्या बऱ्याच गोष्टी सापडतील. मी त्या मुद्दाम घातल्या होत्या. आणि मी घालू शकलो, तर यादी ठाऊक असलेला कोणताही बनेल माणूसही घालू शकतो. प्रयोगशाळेत ही पद्धत साधारण सत्तर टक्क्यांच्या आसपास अचूक ठरते. म्हणजे दर दहा माणसांत तिघांबद्दल चूक. एखाद्याला तुरुंगात पाठवण्यासाठी हे प्रमाण भयंकर आहे.

तपशिलाची दुधारी सुरी

तपशील ऐकणाऱ्याला भुलवतो, याबद्दल शंका नको. 1989 साली ब्रॅड बेल आणि एलिझाबेथ लॉफ्टस यांनी काल्पनिक खटल्याचं वर्णन लोकांना वाचायला दिलं. एका रूपात साक्षीदार म्हणतो, त्याने दुकानातून काही वस्तू घेतल्या. दुसऱ्या रूपात त्या वस्तूंची नावंच सांगतो. गुन्ह्याशी त्या वस्तूंचा काडीचा संबंध नाही. तरी असे फुटकळ तपशील सांगणाऱ्या साक्षीदाराचं वजन वाढलं. एवढं बारीकसारीक ज्याच्या लक्षात आहे, त्याच्या मुख्य गोष्टही लक्षात असणारच, असं आपण मनातल्या मनात धरून चालतो.

पण तपशील म्हणजे दोराही असतो. तो ओढला की पुढचं उलगडू शकतं. इस्राएली संशोधक गॅलिट नहारी आणि त्यांचे सहकारी, ब्रिटनमधले आल्डर्ट व्राय आणि अमेरिकेतले रोनाल्ड फिशर, यांनी ही कोंडी नेमकी पकडली. खोटं बोलणारा तपशील देतो, पण पडताळता न येणारे. 'रस्त्यात एक निळ्या शर्टातला माणूस भेटला, त्याने वेळ विचारली.' चित्र डोळ्यांसमोर उभं राहतं, पण त्या माणसाला शोधणार कुठे? खरं बोलणारा मात्र म्हणतो, अमुक सहकाऱ्याला फोन केला, कार्डाने पैसे दिले, दाराशी कॅमेरा होता. नहारींच्या गटाने पुढची गंमतही करून पाहिली. जबाब घेण्याआधीच सगळ्यांना सांगून टाकलं, की तुम्ही दिलेल्या माहितीतलं काय तपासता येतं ते आम्ही पाहणार आहोत. खरं बोलणाऱ्यांनी तपासण्याजोगे तपशील आणखी वाढवले. खोटं बोलणाऱ्यांना ते वाढवता आले नाहीत. त्यांच्याकडे नव्हतेच, तर आणणार कुठून? युक्ती उघड करूनही ती बोथट होत नाही, उलट धारदार होते. या क्षेत्रात असं फार क्वचित घडतं.

याच ठिकाणी घसरलेला एक मोठा माणूस म्हणजे जोनाथन एटकेन. ब्रिटनच्या मंत्रिमंडळात बसलेला हा नेता 1993 मध्ये संरक्षण खात्याचा मंत्री असताना पॅरिसच्या रिट्झ हॉटेलात राहिला होता. बिल कोणी भरलं यावरून वृत्तपत्राने प्रश्न उभे केले. एटकेनने अब्रुनुकसानीचा दावा ठोकला आणि शपथेवर सांगितलं की बिल आपल्या पत्नीने रोखीने भरलं. वरवर पाहता हे बेमालूम खोटं आहे. पत्नी घरातली, साक्ष देणार आपल्याच बाजूने. रोख पैसे, म्हणजे कागदी माग नाही. सगळं नीट जुळलेलं. पण या गोष्टीत एक अपरिहार्य खुंटी होती: बिल भरायला पत्नी त्या दिवशी पॅरिसमध्ये असायला हवी. 1997 च्या जूनमध्ये, खटला अगदी रंगात आलेला असताना, विमान कंपनीची आणि भाड्याच्या गाडीची कागदपत्रं हाती लागली. पत्नी लंडनहून थेट जिनिव्हाला गेली होती, तिथे तिने गाडी घेतली होती. पॅरिसचा पत्ताच नव्हता. दावा कोसळला, आणि 1999 मध्ये खोटी साक्ष दिल्याबद्दल एटकेनला 18 महिन्यांची शिक्षा झाली. वृत्तपत्राशी लढताना हाच गृहस्थ सत्याच्या तलवारीच्या गोष्टी करत होता. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

याची उलट बाजू 1990 मध्ये दिसली. इराकने कुवेत बळकावल्यानंतर 10 ऑक्टोबरला वॉशिंग्टनमध्ये, अमेरिकी संसदेच्या सदस्यांच्या एका मानवी हक्क मंचापुढे, नायिरा नावाच्या 15 वर्षांच्या मुलीने रडतरडत साक्ष दिली. इराकी सैनिक रुग्णालयात शिरले, त्यांनी तान्ह्या बाळांना इन्क्युबेटरमधून बाहेर काढलं आणि थंड फरशीवर मरायला सोडून दिलं. थंड फरशी! दोनच शब्द, पण ऐकणारा हादरतो. तिचं आडनाव मात्र जाहीर केलं गेलं नाही. कुवेतमधल्या कुटुंबीयांच्या जिवाला धोका होईल, असं कारण दिलं गेलं. कारण इतकं रास्त की 'पण ही मुलगी कोण?' हे विचारणारा माणूसच निर्दय ठरावा. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी ही हकिकत पुन:पुन्हा सांगितली. 1992 मध्ये उघड झालं की ती कुवेतच्या अमेरिकेतल्या राजदूतांची मुलगी होती आणि त्या सगळ्या मोहिमेमागे एक जनसंपर्क कंपनी होती. तिने सांगितलेल्या घटनेला दुजोरा देणारा पुरावा नंतरच्या चौकश्यांत सापडला नाही. घडणीच्या दृष्टीने पाहा: दृश्य अतिशय ठसठशीत, आणि पडताळणीचा दरवाजा सहानुभूतीच्या कडीने आतून बंद.

शब्द खरा, अर्थ खोटा

काही थापांमध्ये खोटं वाक्य एकही नसतं. मराठीत त्याला 'नरो वा कुंजरो वा' म्हणतात आणि विषय तिथेच सोडतात, पण त्या प्रसंगाची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. भीमाने आधी अश्वत्थामा नावाचा हत्ती खरोखर मारला, म्हणजे विधानाला आधार तयार करून घेतला. 'अश्वत्थामा मेला' ही त्याची आरोळी द्रोणांना पटली नाही. त्यांनी खातरजमा करायची ठरवली, पण केली कशी? मुलाला शोधायला कोणी धाडलं नाही. युधिष्ठिराला विचारलं, कारण तो खोटं बोलत नाही. घटनेऐवजी माणसाची पत तपासली. आणि कटात नेमका पत असलेलाच माणूस सामील होता. फसवणाऱ्याने बोलणारा निवडला तो ऐकणाऱ्याची पडताळणीची सवय ओळखून. आजही फसवणुकीचे फोन बँकेच्या नाहीतर पोलिसांच्या नावाने येतात ते याच हिशेबाने.

न्यायालयात या प्रकाराचा सगळ्यात सुबक नमुना म्हणजे चित्रपट निर्माते सॅम्युअल ब्रॉन्स्टन यांचं उत्तर. त्यांची कंपनी दिवाळखोरीत निघाली होती आणि वकील शपथेवर प्रश्न विचारत होता. स्विस बँकांमध्ये तुमची खाती आहेत का? नाही, साहेब. कधी होती का? यावर ब्रॉन्स्टन म्हणाले, कंपनीचं झुरिकमध्ये एक खातं होतं, साधारण सहा महिने. बस. वकील पुढच्या विषयाकडे वळला. प्रत्यक्षात ब्रॉन्स्टन यांचं स्वतःचं खातं जिनिव्हामध्ये जवळपास पाच वर्षं होतं. आता त्यांच्या उत्तरात खोटं काय? पहिलं उत्तर खरं, कारण त्या वेळी खातं बंद झालेलं होतं. दुसरंही खरं, कंपनीचं खातं होतंच. फक्त प्रश्न होता 'तुमचं' आणि उत्तर आलं 'कंपनीचं'. त्यातून ऐकणाऱ्याने आपल्या आपण जोडून घेतलं, की म्हणजे यांचं स्वतःचं नव्हतं. 1973 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की ही खोटी साक्ष होत नाही. उत्तर सरळ मिळालं नाही हे ओळखून पुन्हा विचारणं हे प्रश्न विचारणाऱ्याचं काम होतं.

मला हा निकाल कायद्याच्या अंगाने पटतो, माणुसकीच्या अंगाने नाही. पण त्याने शिकवलेली गोष्ट अमोल आहे. अशा उत्तरात सहा महिने, झुरिक असा एक नेमका तपशील येतो, आणि नेमकेपणामुळेच उत्तर पूर्ण झाल्याचा भास होतो. विचारलेल्या शब्दाच्या जागी शेजारचा शब्द आला की कान टवकारायला हवेत. 'पैसे घेतले का?' याला 'मी अशा गोष्टी कधीच करत नाही' हे उत्तर नव्हे. ते स्वतःला दिलेलं चारित्र्याचं प्रमाणपत्र झालं.

याच जातीची आणखी एक चाल म्हणजे स्वतःचा छोटा दोष आधी आपणच सांगून मोकळं होणं. 'खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मी थोडा चिडलो होतो.' खटल्यांमधल्या युक्तिवादांवरचे प्रयोग सांगतात की आपल्या बाजूची उणी बाब विरोधकाने काढायच्या आत आपण काढली, तर तिचा डंख कमी होतो आणि सांगणारा प्रामाणिक वाटतो. प्रामाणिक माणूसही हे करतो, म्हणून तर ते चालतं. फरक एवढाच की थापाड्या कबूल करतो ती चूक नेहमी बेताची असते.

पाठांतर आणि आठवण

जबाब दुसऱ्यांदा बदलला की माणूस खोटा, हा समज पोलिसांपासून शिक्षकांपर्यंत सगळ्यांत मुरलेला आहे. स्वीडनमधले पेर आंदेश ग्रानहाग आणि लेइफ स्त्रोमवाल यांनी मांडलेला विचार याच्या थेट उलट जातो. खरं सांगणारा प्रत्येक वेळी प्रसंग नव्याने आठवतो, त्यामुळे काही सुटतं, काही नवीन येतं, क्रम हलतो. खोटं सांगणारा आपण मागच्या वेळी काय सांगितलं ते आठवतो, आणि जपून तेच पुन्हा उतरवतो. म्हणून थापाडे अनेकदा खऱ्या माणसाइतकेच, कधी त्याहून अधिक सुसंगत असतात. दोघांनी मिळून बनाव रचला असेल तर शब्दसुद्धा तेच येतात. पढवलेला साक्षीदार जुन्या वकिलांना कानानेच कळतो तो यामुळे. गोष्ट जुळते म्हणून नव्हे, फारच जुळते म्हणून.

पाठ केलेल्या गोष्टीचा कच्चा दुवा म्हणजे तयारीबाहेरचा प्रश्न. व्राय आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही जोड्या खरोखर एका रेस्टॉरंटमध्ये एकत्र जेवून आल्या होत्या. काहींनी जेवल्याची गोष्ट फक्त आपसात ठरवून घेतली होती. काय खाल्लं, काय बोललात, या प्रश्नांची उत्तरं दोन्हीकडे छान जुळत होती, कारण एवढी तयारी कोणीही करतो. मग प्रत्येकाला वेगवेगळं बसवून सांगितलं की त्या जागेचा नकाशा काढा, तुम्ही कुठे बसला होतात, तुमचा जोडीदार कुठे बसला होता, दार कुठे होतं. जेवून आलेल्यांची चित्रं एकमेकांशी बऱ्यापैकी जुळली. बनाव करणाऱ्यांची जुळली नाहीत. नुसत्या चित्रांवरून 80 टक्क्यांपर्यंत जोड्या बरोबर ओळखता आल्या. दाराची जागा ठरवून घेण्याचं कोणाच्या डोक्यातच आलेलं नव्हतं.

दुसरी युक्ती वेळेची आहे. हातातला पुरावा कधी दाखवायचा? चिडलेला माणूस तो पहिल्याच वाक्यात टेबलावर आपटतो: 'बॅगेवर तुझ्या बोटांचे ठसे सापडलेत!' झालं. आता संशयिताला नेमकं कळलं की कुठलं भगदाड बुजवायचं. 'हो, बॅग बाजूला सरकवली होती ना मी, वाटेत आली होती.' विधान पुराव्याच्या मापाने शिवून मिळालं. त्याऐवजी पुरावा झाकून आधी मोकळेपणी सांगू दिलं, तर खोटं बोलणारा आपल्या स्वभावानुसार धोक्याच्या जागेपासून दूर पळतो: 'बॅग? मी कुठली बॅग पाहिलीच नाही.' खरं बोलणारा मात्र सहज म्हणून जातो की वाटेत बॅग होती, सरकवली. मारिया हार्टविग आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये स्वीडनमधल्या पोलीस प्रशिक्षणार्थींवर हे करून पाहिलं. पुरावा कधी बाहेर काढायचा याचं प्रशिक्षण मिळालेल्यांनी सुमारे 85 टक्के वेळा बरोबर ओळखलं, न मिळालेल्यांनी 56 टक्के वेळा. ना चेहरा वाचला, ना नाडी मोजली. फक्त हातचे पत्ते झाकून ठेवले. घरात मुलांची चौकशी करताना आपण नेमकं उलटं करतो, हे लिहिताना मलाही जाणवतं आहे.

आणि आता लोकांचे पैसे गुंतवून देणारा अमेरिकी बर्नार्ड मॅडॉफ, ज्याच्या फसवणुकीत आतापर्यंतचं जवळजवळ सगळं आहे. लोकांना वाटतं ठकसेन म्हणजे दामदुप्पट देऊ करणारा. मॅडॉफ तसं काही म्हणत नव्हता. वर्षाला दहा-बारा टक्क्यांच्या आसपास, शांतपणे, दरवर्षी. मोह पडावा इतकं, संशय यावा इतकं नाही. नवा ग्राहक आला तर कित्येकदा तो नकारच देई, आणि नकार देणारा माणूस आपल्याला लुटायला बसलेला असेल असं कोणाच्या मनात येत नाही. गुंतवणूकदारांना छापील विवरणपत्रं जात, त्यात खऱ्या कंपन्यांची नावं आणि बाजारातले खरे भाव असत. खोटी होती ती फक्त खरेदी-विक्री. ती झालेलीच नव्हती. हॅरी मार्कोपोलोस नावाच्या विश्लेषकाला खटकलं ते इतकंच, की नफ्याचा आलेख जवळजवळ सरळ रेषेत वर चढत होता. खऱ्या बाजारात एवढं गुळगुळीत काही नसतं. 2000 सालापासून तो अमेरिकेच्या बाजार नियामकांना लेखी कळवत राहिला.

2006 च्या मे महिन्यात नियामकांनी मॅडॉफला साक्षीसाठी बोलावलं आणि शेअर जिथे नोंदलेले असतात त्या मध्यवर्ती संस्थेतला त्याचा खाते क्रमांक मागितला. तोवर टाळत आलेला, सहज पडताळता येणारा तपशील त्याला पहिल्यांदा द्यावा लागला. त्याने खरा क्रमांक दिला. त्या खात्यात तो सांगत होता त्यातलं जवळपास काहीच नव्हतं. तुरुंगात गेल्यावर त्याने चौकशी अधिकाऱ्यांना सांगितलं, की साक्ष झाली त्या शुक्रवारी आपण संपलो असंच वाटलं होतं. सोमवारी सकाळी ते एक फोन करतील आणि सगळं बाहेर येईल.

सोमवारी कोणी फोन केला नाही. पुढेही केला नाही. आणखी अडीच वर्षं विवरणपत्रं जात राहिली. 2008 च्या मंदीत घाबरलेल्या गुंतवणूकदारांनी आपले पैसे परत मागितले, तेव्हा कागदावर सुमारे 65 अब्ज डॉलर होते आणि द्यायला पैसे नव्हते.